गंगाखेडला मोटारसायकलची डीलरशिप: मेन डीलर, सब-डीलर की नव्या कंपनीची एजन्सी?

गोदाकाठचा (गंगाखेड)

रामराम मंडळी. प्रश्न मोठा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

गंगाखेडला परळी रस्त्यावर आमची जागा आहे. रस्त्याला चांगलं तोंड, मागे गोदाम. वडील आणि काका मिळून खत-बियाण्याचं दुकान चालवतात. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून वाळूजला सुट्या भागांच्या कंपनीत होतो, आता घरी आलोय. धाकट्या चुलतभावाचं छोटं गॅरेज आहे आणि त्याच्या हाताला गिऱ्हाईक आहे. दोघांना मिळून दुचाकीच्या धंद्यात उतरायचंय.

सध्या तीन प्रस्ताव समोर आहेत. परभणीचे एक मोठे मेन डीलर सब-डीलरशिप द्यायला तयार आहेत. गाडी त्यांची, बिल त्यांचं, आपल्याला गाडीमागे कमिशन. दुसरी एक कंपनी आहे, तिच्या गाड्या आपल्याकडे कमी दिसतात, पण तिला थेट गंगाखेडात मेन डीलर पाहिजे. शोरूम त्यांच्या नकाशाप्रमाणे, वर्कशॉप, पार्टचा साठा, बँकेची लिमिट, सगळं आपण करायचं. तिसरी इलेक्ट्रिक स्कूटरवाली. जागा आणि सजावट आपली, माणसं त्यांच्या पगारावर, किंमत आणि बिल त्यांच्या सिस्टिममधून. आपल्याला महिन्याला ठरलेली रक्कम आणि स्कूटरमागे थोडं.

काका म्हणायलेत, नाव मोठं असेल तिकडे जा. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे आकड्यांत मांडता येईना. धंद्यातल्या माणसांनी सांगावं.

मोंढा_नाका (परभणी)

तीनही प्रस्ताव बाजूला ठेवा आणि आधी एक काम करा. परिवहन खात्याचा ‘वाहन’ डॅशबोर्ड सगळ्यांना खुला आहे. त्यात महाराष्ट्र निवडा, परभणी एमएच २२ निवडा, आणि कंपनीनिहाय, महिनानिहाय आकडे काढा. एका वर्षाचे नको, चार-पाच वर्षांचे काढा. कंपनीचा एरिया मॅनेजर जो आकडा सांगतो तो बहुतेक वेळा डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचा असतो. डॅशबोर्डवर पासिंग झालेल्या गाड्या दिसतात. त्या दोन आकड्यांत जो फरक निघेल तो माल कुणाच्या तरी गोदामात उभा आहे आणि त्यावर व्याज चढतंय, हे समजून घ्या.

आकडा अख्ख्या जिल्ह्याचा मिळेल. गंगाखेड, पालम, सोनपेठचा वाटा किती, हे फायनान्स कंपन्यांची पोरं सांगतील. कुठल्या गाडीच्या किती डीओ (कर्ज मंजूर झालं, गाडी द्या, अशी डीलरला मिळणारी चिठ्ठी) निघतात, कुठल्या गावातले हप्ते थकतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. चहाला बसवा आणि विचारा.

दुसरं, महिन्यांकडे नीट बघा. आपल्याकडे गाडी पगारावर कमी आणि पिकावर जास्त विकते. सोयाबीनची पट्टी हातात आली की दसरा-दिवाळी, कापूस-तुरीवर जानेवारी-फेब्रुवारी, मग पाडवा, अक्षय्य तृतीया आणि लग्नसराई. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला मुकादमाची उचल मिळते तेव्हाही काही गाड्या जातात. जून ते सप्टेंबर काउंटर रिकामं असतं. शोरूमचं भाडं आणि पोरांचे पगार मात्र बाराही महिने.

माजलगावकर

सब-डीलरशिपबद्दल मी सांगतो, कारण मी ती केली आहे.

सुरुवातीला फार बरी वाटते. भांडवल कमी, नाव मोठं, बोर्ड लागला की गावात पत वाढते. आमच्याकडे विक्री चांगली जमली. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवर स्वतः फिरून गिऱ्हाईक बांधलं होतं. आकडा वाढला तसा मेन डीलरने तालुक्यात स्वतःची शाखा उघडली, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे गाड्या यायच्या बंद झाल्या. चालणारं मॉडेल आणि मागणीतला रंग त्यांच्या शाखेत, आमच्याकडे महिनोन् महिने न हललेला माल. तक्रार करायला कंपनीकडे गेलो तर कंपनी म्हणते, तुमचा-आमचा करारच नाही, तुमचं जे काय असेल ते डीलरशी.

आणि ते खरंच होतं. आमच्या हातात एक लेटरहेडवरचं पत्र होतं. त्यात हद्द नाही, मुदत नाही, काढून टाकायचं असेल तर किती दिवसांची नोटीस, तेही नाही.

गिऱ्हाइकाचे नाव-नंबर, सर्व्हिसचा इतिहास, सगळं त्यांच्या सिस्टिममध्ये होतं. आम्ही बांधलेलं गिऱ्हाईक कागदावर कधी आमचं नव्हतंच.

नांदेड_काउंटर

माजलगावकर दादांनी लिहिलं ते खरं आहे. मी मेन डीलरच्या बाजूने लिहिते. आमचं घरचं शोरूम आहे, हिशोब मी बघते. मेन डीलर झालं की सुटलो, असं कुणी समजू नये.

गोदाकाठचा, एक नमुन्याचा हिशोब मांडते. आकडे मानलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा गाडी सरासरी ८५,००० ची. चाळीस गाड्या उभ्या ठेवायच्या तर ३४ लाखांचा माल झाला. कंपनी पैसे आधी घेते, म्हणजे हा माल बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या लिमिटवर उभा. ११ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३,७४,००० आणि महिन्याला साधारण ३१,०००. सगळ्या चाळीस गाड्या महिन्यात गेल्या तर गाडीमागे व्याज पावणेआठशेच्या आसपास. वीसच गेल्या तर तेच व्याज गाडीमागे साडेपंधराशेवर जातं.

आता समजा मार्जिन आणि स्कीम (विक्रीवर कंपनी देते तो जादा पैसा) धरून, गिऱ्हाइकाला द्यायची सूट वजा जाऊन, गाडीमागे ३,००० हातात राहतात. चाळीस गाड्यांचे १,२०,०००. व्याज वजा करा, ८९,००० राहिले. पगार २ लाख, वीज-भाडं-फुटकळ ७०,०००, म्हणजे २,७०,००० खर्च. खड्डा १,८१,००० चा. हा भरायचा कुठून? फायनान्सचं पेआउट (कर्जाची गाडी दिली की फायनान्स कंपनी देते ते कमिशन), विम्याचं कमिशन, ॲक्सेसरीज मिळून गाडीमागे हजार धरा, ४०,००० आले. बाकीचं सगळं वर्कशॉपमधून. रोज बारा गाड्या, महिन्याला २६ दिवस, गाडीमागे मजुरी आणि ऑइल-पार्टमधला नफा मिळून ४५० धरले तर १,४०,४००. तेव्हा कुठे जेमतेम बरोबरी होते. मालकाचा पगार यात धरलेलाच नाही.

आणि त्याच महिन्यात चाळीसच्या जागी वीस गाड्या गेल्या तर ऐंशी हजारांचा तोटा.

म्हणून कंपनीच्या माणसाला सगळ्यात आधी हे विचारा: महिन्याला कमीत कमी किती गाड्या उचलाव्या लागतील, आणि नाही उचलल्या तर काय? तोंडी नको, मेलवर घ्या. महिनाअखेरीला फोन येतो की एवढं बिलिंग उचला, नाहीतर स्कीम मिळणार नाही. तो फोन आला की डीलर नको असलेल्या गाड्या उचलतो आणि पुढच्या महिन्यात त्याच गाड्या तोट्यात काढतो. डीलरांची संघटना ‘फाडा’ साठा साधारण २१ दिवसांचाच असावा, असं वर्षानुवर्षं सांगत आली आहे. ते कारणाशिवाय नाही.

गोदाकाठचा

ताई, हा हिशोब वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, खताचंही असंच असतं, चालणाऱ्या खताबरोबर न चालणारं गळ्यात मारतात. पहिल्यांदाच त्यांना या धंद्याचं नेमकं कळलं.

एक विचारतो. वर्कशॉपमधून रोज बारा गाड्या हे गंगाखेडला शक्य आहे का? आपल्याकडे फ्री सर्व्हिसिंग संपली की माणूस गावातल्या मिस्त्रीकडे जातो.

जॉबकार्ड (लातूर)

शक्य आहे, पण पहिल्या वर्षी नाही. मी वर्कशॉप सांभाळतो, म्हणून थोडं लांबवर लिहितो.

गाडी विकण्यातला नफा एकदाच मिळतो. तीच गाडी पुढची आठ-दहा वर्षं ऑइल, ब्रेक-शू, चेन-सेट, क्लच-प्लेट, टायर मागत राहते. आपल्याकडची गाडी शेताच्या वाटेने जाते, तिच्यावर तिघं बसतात, मागे दुधाचे कॅन असतात, पेंडीचं पोतं असतं. चेन-सेट आणि शॉक-ॲब्सॉर्बर शहरापेक्षा लवकर जातात. म्हणजे काम आहे. ते आपल्याकडे का येत नाही, हे बघायचं.

गिऱ्हाईक मिस्त्रीकडे स्वस्त म्हणून जातो, हे अर्धं खरं आहे. मिस्त्री त्याच्यासमोर गाडी खोलतो, काय बदललं ते हातात देतो आणि दोन तासांत गाडी मोकळी करतो, हे खरं कारण. शोरूममध्ये सकाळी गाडी दिली की संध्याकाळी या म्हणतात. खेड्यावरचा माणूस पंचवीस किलोमीटरवरून आलाय, दिवस मोडतो त्याचा. मोंढ्यात माल घालून तो येतो आणि दुपारच्या आत त्याला परतायचं असतं. बाजाराच्या दिवशी दोन फिटर जास्त ठेवा, समोर खोलून दाखवा, जुना पार्ट पिशवीत घालून हातात द्या. एवढं केलं की गिऱ्हाईक टिकतं. मी हे करून पाहिलं आहे.

तुमच्या चुलतभावाचं गॅरेज आहे ना? तुमच्या तीन प्रस्तावांत ते कुठेच आलं नाही आणि मला तर तीच तुमची सगळ्यात मोठी पुंजी वाटते. ज्या माणसाकडे लोक गाडी सोडून निर्धास्त जातात, त्याच्या शब्दावर नवी गाडीही घेतात. हुशार फिटर मिळत नाहीत हो. आयटीआय झालेला पोरगा तयार व्हायला दोन वर्षं लागतात आणि तयार झाला की पुण्याला जातो.

म्हणून माझं मत: सब-डीलर व्हा किंवा मेन डीलर, वर्कशॉप तुमच्या मालकीचं आणि तुमच्या नावाने पाहिजे. मेन डीलर म्हणाला की तुम्ही फक्त गाड्या विका, सर्व्हिसिंगला परभणीला पाठवा, तर तिथेच नमस्कार करा.

फ्री सर्व्हिसिंगचे पैसे कंपनी देते, पण दर कमी असतो आणि क्लेम नीट भरला नाही तर अडकतो. वॉरंटीचा पार्टही तसाच, जपून ठेवा, टॅग लावा, तपासणीला दाखवा. यासाठी एक माणूस संगणकावर नेमावाच लागतो. सब-डीलर असाल तर हे क्लेमचे पैसे मेन डीलरच्या खात्यात येतात. ते तुमच्याकडे कधी आणि किती वळते होणार, हे आधी लिहून घ्या.

वाळूज_शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)

तिसऱ्या प्रस्तावावर कुणी बोलेना, म्हणून मी बोलतो. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, आमच्या अर्ध्या वसाहतीचं पोट दुचाकीवर चालतं. इथे बसून एवढं दिसतं की विजेची गाडी येणार-येणार म्हणायचे दिवस गेले, ती आली आहे. बजाजची चेतक विकते, टीव्हीएसची आयक्यूब विकते. शिक्षक, नर्स, बँकेतली माणसं, कॉलेजच्या मुली, ज्यांचं रोजचं येणं-जाणं ठरलेलं आहे, ते घ्यायलेत. ‘जागा आपली, माल त्यांचा’ या पद्धतीत स्टॉकचं व्याज तुमच्या डोक्यावर नाही. ताईंनी जो खड्डा दाखवला तो यात पडतच नाही. पहिला विचार मी याचाच केला असता.

जॉबकार्ड (लातूर)

दादा, विजेच्या गाडीला माझा विरोध नाही. पण ऑइल नाही, चेन नाही, क्लच नाही, म्हणजे वर्कशॉपचं उत्पन्न कमी. बॅटरी किंवा कंट्रोलर गेला तर आपल्या हातात काहीच नाही, वरून पार्ट येईपर्यंत गाडी उभी. आणि गाडी उभी राहिली की गिऱ्हाईक कंपनीच्या हेल्पलाइनला शिव्या देत नाही, गंगाखेडात ज्याच्या जागेवर बोर्ड आहे त्याच्या घरी येतो. पगार कंपनीचा असला तरी तोंड तुमचं आहे.

मोंढा_नाका (परभणी)

शिवाय सरकारी मदतीवर उभी असलेली किंमत कधी बदलेल ते आपल्या हातात नाही. विजेच्या गाड्यांना अनुदान देणारी केंद्राची फेम-२ योजना ३१ मार्च २०२४ ला संपली. नंतर १ ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह आली, तिच्यात दुचाकीला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त १०,००० मिळायचे, दुसऱ्या वर्षी ती मर्यादा ५,००० वर आली. प्रत्येक बदलाच्या आधी धावपळ आणि नंतर सुकाळ-दुष्काळ. किंमत कंपनी ठरवणार, सूट कंपनी देणार, आणि एका सकाळी शोरूम बंद करायचं ठरलं तर तेही कंपनीच ठरवणार. सजावटीवर घातलेला पैसा मात्र तुमचा. म्हणून त्यात जायचंच असेल तर सजावटीचा खर्च कुणाचा आणि पाच वर्षांच्या आत त्यांनी गाशा गुंडाळला तर किती भरपाई, हे दोन मुद्दे आधी.

वाळूज_शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)

मान्य. पण जुन्या कंपन्यांच्या विजेच्या गाड्या आता त्यांच्या डीलरांकडूनही जातात. तेव्हा ज्या कंपनीची एजन्सी घ्याल तिची विजेची गाडी तुम्हाला मिळणार की वेगळ्या शोरूमला जाणार, हे आत्ताच विचारून ठेवा. पाच वर्षांनी तुमच्या काउंटरवरचं निम्मं गिऱ्हाईक तेच मागणार आहे.

नांदेड_काउंटर

हा प्रश्न फार मोलाचा आहे आणि तो फक्त विजेच्या गाडीपुरता नाही. कंपन्या आता महाग गाड्यांसाठी वेगळी दालनं करतात. होंडाचं बिगविंग आहे, हिरोचं प्रीमिया आहे. बोर्डावर नाव तेच असलं तरी त्या गाड्या साध्या डीलरला मिळत नाहीत. रॉयल एनफिल्डने लहान गावांसाठी कमी जागेतली स्टुडिओ स्टोअर काढली, तशी सोय प्रत्येक कंपनीत असेलच असं नाही. करारात ‘कंपनीची उत्पादने’ एवढंच लिहिलेलं असतं आणि कुठली उत्पादने, हे परिशिष्टात. परिशिष्ट कंपनी एका बाजूने बदलू शकते का, ते शोधा.

ताळेबंद (सीए, छत्रपती संभाजीनगर)

करारावर मी थोडं लिहितो, कारण इथे बहुतेक जण कंपनीचं नाव निवडतात आणि करार सहीच्या दिवशी पहिल्यांदा बघतात.

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. सगळं १८७२ च्या करार कायद्यावर चालतं, म्हणजे कागदावर जे लिहिलं तेच. डीलर संघटना संरक्षणाचा कायदा मागत आली आहे, पण आज तुमच्या मागे तो नाही. सप्टेंबर २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने भारतातलं स्वतःचं कामकाज आवरतं घेतलं तेव्हा डीलरांनी शोरूमवर घातलेल्या पैशाचा प्रश्न चव्हाट्यावर आला. पुढे ती हिरोबरोबर आली, पण जुन्या डीलरांचं नुकसान व्हायचं ते झालं. एवढ्या मोठ्या नावाच्या बाबतीत हे घडतं, तर गंगाखेडात नव्याने येणाऱ्या कंपनीच्या बाबतीत कलम वाचूनच पुढे जावं.

चार गोष्टींवर अडून बसा. करार संपवायची नोटीस दोन्ही बाजूंना सारख्या मुदतीची हवी. करार संपला तर न विकलेल्या गाड्या आणि पार्ट कंपनी कुठल्या भावाने परत घेणार, ते हवं. नियम बदलल्यामुळे माल अडकला तर तोटा कुणाचा, हे हवं. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ ला निकाल दिला आणि १ एप्रिलपासून बीएस-३ (धुराच्या जुन्या निकषाच्या) गाड्यांची विक्री बंद झाली. देशभर आठ लाखांच्या आसपास गाड्या अडकल्या होत्या, त्यात बहुतेक दुचाकी. दोन दिवसांत मोठमोठ्या सवलती देऊन त्या काढाव्या लागल्या.

अगदी अलीकडचं घ्या. १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं आणि २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने उत्तम. पण मधले पाच आठवडे लोक थांबले, स्टॉकवर व्याज चालूच राहिलं. २८ टक्के भरून घेतलेला माल १८ टक्क्यांनी विकला, तो फरकाचा क्रेडिट जीएसटीच्या खात्यात पडून राहिला, हातातला पैसा तिथे अडकला. आणि नेमक्या त्याच दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी. पुण्या-मुंबईला दसऱ्याला शोरूमबाहेर गर्दी, इकडे सोयाबीन पाण्यात. ज्या डीलरकडे साठा बेताचा होता तो तरला.

चौथी गोष्ट वाद कुठे चालणार. बहुतेक करारांत लवाद कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात असतो. ते सहसा बदलून देत नाहीत, पण किती खर्चात पडेल ते आपल्याला आधी ठाऊक असावं.

सूट किती द्यायची यावर कंपनी डीलरला बांधू शकत नाही, असा स्पर्धा आयोगाचा कल आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये याच कारणावरून मारुतीला २०० कोटींचा दंड ठोठावला होता, प्रकरण पुढे अपिलात गेलं. म्हणून ‘ठरलेल्यापेक्षा जास्त सूट दिल्यास दंड’ असं काही परिपत्रक आलं तर ते फाईलला लावून ठेवा.

गोदाकाठचा

सर, ट्रेड सर्टिफिकेटचं काय? परभणीचे डीलर म्हणतात, सब-डीलरला त्याची गरज नाही, आमचं आहे ना.

ताळेबंद (सीए, छत्रपती संभाजीनगर)

असं तोंडी ऐकून चालू नका. पासिंग न झालेली गाडी डीलरने ताब्यात ठेवायची, रस्त्यावर आणायची तर ट्रेड सर्टिफिकेट लागतं. त्याचा अर्ज फॉर्म १६ मध्ये आणि प्रमाणपत्र फॉर्म १७ मध्ये असतं. ते कंपनीने अधिकृत केलेल्या डीलरशिपशी जोडलेलं असतं. तुमच्या गंगाखेडच्या पत्त्याचा त्यात समावेश करून द्या, असं मेन डीलरला लेखी मागा आणि परभणीच्या आरटीओत जाऊन स्वतः खात्री करा. तालुक्याच्या ठिकाणी जी ‘सगळ्या कंपन्यांच्या गाड्या मिळतील’ अशी दुकानं असतात, त्यांच्यामागे तपासणी लागते ती याच कारणाने. तुम्हाला त्या रांगेत उभं राहायचं नाही.

आणखी एक, हा घरचा मुद्दा आहे. जागा वडील आणि काका दोघांच्या नावावर असेल, सातबारा असेल, तर आधी अकृषिक झाली आहे का बघा. मग तुमच्या फर्मच्या नावाने दोघांच्या सहीने नोंदणीकृत भाडेकरार करा. घरचीच जागा म्हणून भाडं शून्य धरू नका. भाडं हिशोबात धरलं की धंदा खरोखर चालतोय का ते कळतं, आणि काकांचा वाटाही दरमहा त्यांना मिळतो. पुढे भावाभावांत वाद होत नाहीत.

माजलगावकर

याला माझा जोरात दुजोरा. आणि बँक लिमिट देताना जमीन तारण मागेल. दुकानाची जागा द्यायची तर द्या, शेती देऊ नका. डीलरशिप गेली तर दुसरी मिळते.

गोदाकाठचा

मंडळी, घरी बसून सगळं वाचलं. काकाही होते. डॅशबोर्डवरून परभणी जिल्ह्याचे आकडे काढले. दुसऱ्या प्रस्तावातल्या कंपनीचा पाच वर्षांतला सगळ्यात चांगला महिना घेतला आणि त्या गाड्या अख्ख्या आपल्याच तालुक्यात विकल्या असं धरलं, तरी ताईंच्या हिशोबातली बरोबरी गाठता येत नाही. तो प्रस्ताव आम्ही सोडला. इलेक्ट्रिकवाल्यांना दोन प्रश्न मेल केलेत, सजावटीचा खर्च आणि मुदतीआधी बंद केल्यास भरपाई. उत्तर येईपर्यंत तो बाजूला.

परभणीच्या डीलरांकडे मी आणि वडील जाणार आहोत. मागण्या अशा: गंगाखेड, पालम, सोनपेठ ही हद्द लेखी, तीन वर्षांची मुदत, वर्कशॉप आमच्या नावाने आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या यादीत, फ्री सर्व्हिसिंगचे पैसे पंधरा दिवसांत, ट्रेड सर्टिफिकेटमध्ये आमचा पत्ता, आणि त्यांनी तालुक्यात शाखा काढायची ठरवली तर आधी ती आम्हाला देऊ करायची. गाड्या त्यांच्याच स्टॉकवर उभ्या राहतील, आम्ही पैसे डिलिव्हरीच्या दिवशी देऊ.

परळीचं गिऱ्हाईक आमच्या रस्त्यावरूनच जातं, पण तो जिल्हा बीड. ते हद्दीत मागावं का?

मोंढा_नाका (परभणी)

हद्दीत मागू नका, तिकडचा डीलर भांडायला येईल आणि तुमचं बाकीचंही अडकेल. एवढंच लिहून घ्या की दुसऱ्या जिल्ह्यातलं गिऱ्हाईक आपल्या पायाने आलं तर त्याच्या गाडीचं कमिशनही तेवढंच मिळेल.

शाखेच्या अटीवर ते ओढाताण करतील. तिथे सोडू नका, माजलगावकरांचं काय झालं ते वाचलंच आहे. मुदतीवर तीनाऐवजी दोन वर्षं म्हणाले तर चालेल.

नांदेड_काउंटर

डिलिव्हरीच्या दिवशी पैसे, हे ते मान्य करतील, पण त्या बदल्यात कमिशन कमी करतील. करू द्या. आणि डीओचे पैसे फायनान्स कंपनीकडून थेट त्यांच्या खात्यात जातील, तुमच्याकडे फक्त डाउन पेमेंट येईल. त्याची पावती त्यांच्याच पावती-पुस्तकावर गिऱ्हाइकाला द्या, रोख घेऊन चिठ्ठीवर लिहून देऊ नका. सब-डीलरचं आणि गिऱ्हाइकाचं सगळ्यात जास्त बिनसतं ते इथे.

पहिल्या वर्षी फक्त चालणारी तीन-चार मॉडेल ठेवा. एक स्कूटर नक्की ठेवा, आता गावात सुनाही गाडी चालवतात आणि पसंती त्याच करतात.

गोदाकाठचा

ताई, हे नोंदवलं. जॉबकार्ड दादा, गोदामात वर्कशॉप काढायचं तर सुरुवातीला किती रॅम्प लावावेत? भाऊ म्हणतो चार.

जॉबकार्ड (लातूर)

दोन लावा, चौथ्यापर्यंतची जागा आणि वीज-हवेची लाईन आत्ताच काढून ठेवा. कंप्रेसर चांगला घ्या, त्यात काटकसर नको. धुण्याचा रॅम्प वेगळा आणि बाहेरच्या बाजूला, ऑइलचं पाणी नालीत जाऊ देऊ नका, त्याला टाकी करा. जुनं ऑइल परवानाधारकालाच विका, पावती ठेवा. गिऱ्हाइकाला बसायला जागा अशी करा की तिथून रॅम्प दिसेल. आणि भावाच्या गॅरेजमधल्या दोन्ही पोरांना आत्ताच शब्द द्या, कंपनीच्या ट्रेनिंगला पहिली नावं त्यांचीच पाठवा.

परभणीला कधी जाताय ते कळवा, क्लेमच्या कलमाचा मसुदा मी लिहून देतो.